स्पेसबारवरचा डावा अंगठा

ही पोस्ट मी टाइप केलेली नाही. मोबाईलला बोलून लिहून घेतली आहे, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. टाइप का केली नाही, ते वाचाल तसं कळेल.

सगळं खरं आहे. खोटं वाटलं तर वाटू दे, मी कुणाला पटवायला बसलेली नाही.

बाकीच्यांची भुतं रात्री येतात. माझ्या बाबतीत जे झालं ते भर दुपारी झालं. दिवाळीची सुट्टी होती आणि जागा म्हणजे कोपरगावजवळच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजची लॅब.

मी मोनिका. तेव्हा एम.ई.च्या शेवटच्या वर्षाला होते, माहिती सुरक्षेचा अभ्यास करत होते. प्रोजेक्टचा विषय मी स्वतः शोधला होता. गावाकडच्या लोकांना जे फसवे मेसेज येतात, ते मोबाईलनेच कसे ओळखायचे. सिनॉप्सिस लिहून तयार होता. आमचे गाईड खेमनर सर. त्यांनी पहिलं पान वाचलं आणि बाजूला ठेवलं.

"मोनिका, करणचं काम अर्धवट राहिलंय. ते तू पूर्ण कर."

करण माझ्याच वर्गातला. अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या गावचा. पावसाळ्यात घरी जाताना घाटात जीप उलटली आणि तो गेला.

वाईट मलाही वाटलं. पण तो होता तेव्हा मला त्याचा हेवा वाटायचा, आणि तो गेल्यावरही हेवा काही थांबला नाही. उलट वाढला. जिवंत माणसाला निदान कधीतरी कमी मार्क पडतात. गेलेल्याच्या चुका कुणी काढत नाही.

त्याचा विषय सोपा करून सांगते. तुमचा पासवर्ड कुणीही चोरू शकतो. पण तुम्ही टाइप कसं करता, कुठे थांबता, कुठलं बटण किती वेळ दाबता, ही बोटांची लय प्रत्येकाची वेगळी असते. तेव्हा कॉम्प्युटरने पासवर्ड न बघता लय बघायची. ओळखीची लय असली तर आत घ्यायचं, नसली तर स्क्रीनवर 'अनोळखी' दाखवायचं.

त्यासाठी वर्गातली पोरं रोज लॅबमध्ये येऊन एकच ठरलेलं वाक्य टाइप करून जायची. त्यांचे नमुने करणने जमवले होते. स्वतःचेही दिले होते.

आणि करणची लय आंधळ्यानेही ओळखली असती. लहानपणी कडबाकुट्टीत त्याच्या उजव्या अंगठ्याचं टोक गेलं होतं. तो अंगठा मुठीत दुमडून तो स्पेसबार डाव्याने दाबायचा, जरा उशिरा आणि जोरात.

टकटकटकटक... ठक.

टकटकटक... ठक.

दोन बाकं सोडूनही कळायचं, करण बसलाय म्हणून.

काम मी हातात घेतलं. पण सरांच्या तोंडी एकच. "करणने हा आलेख वेगळा काढला असता." "करण असता तर आत्तापर्यंत पेपर छापून आला असता." लॅब उघडणारे गनीभाईसुद्धा चहा देताना म्हणायचे, "करन लई गुनी पोरगं हुतं, ताई." गनीभाई, रोज लॅबमध्ये मी राबतेय, कधी माझ्याबद्दलही बोला की!

मग माझ्या हाताला एक नियम लागला. कॉलेजच्या समितीने सांगितलं, संशोधक बदलला म्हणजे नमुने देणाऱ्या प्रत्येकाची संमती पुन्हा घ्यायची. जो सही करणार नाही त्याचे नमुने काढून टाकायचे.

सगळ्यांनी सही केली. करणची कुठून आणणार?

सर म्हणाले, "अगं, त्याचेच नमुने सगळ्यात स्वच्छ आहेत. राहू दे."

"नाही सर. नियम म्हणजे नियम."

मी करणला काढलं. नमुने काढले, राखून ठेवलेल्या प्रती पुसल्या, यादीतलं नाव पुसलं. यंत्राला पहिल्यापासून शिकवलं. चूक काहीच नव्हती. आणि मला आनंद झाला, तोही लपवत नाही. त्याच्या जागी मी माझे नमुने घातले. रोज सकाळी तेच वाक्य मी टाइप करायला लागले. आता हे काम माझं होतं.

मग दिवाळीची सुट्टी लागली.

कॉलेजात चिटपाखरू नव्हतं. गनीभाईंनी लॅब उघडून दिली आणि ते व्हरांड्यात पेपर वाचत बसले. दुपारी मी पाण्याची बाटली भरायला बाहेर गेले.

परत आले तर गनीभाई उठून उभे होते. पेपर खाली पडला होता.

"ताई... तुमी भायेर हायात?"

"हो. का?"

"मंग आत कोन हाय?"

मी कान दिला...

टकटकटकटक... ठक.

टकटकटक... ठक.

दाराला खिडकी आहे. मी आत पाहिलं.

खुर्ची रिकामी होती.

आवाज मात्र येत होता.

मी दार ढकललं. त्याच क्षणी आवाज थांबला. लॅबमध्ये दुसरं दार नाही. माझ्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर ते ठरलेलं वाक्य पूर्ण टाइप केलेलं होतं. आणि त्याखाली...

'ओळख पटली : करण.'

त्या यंत्राला करण माहीतच नव्हता. ते नाव मी माझ्या हाताने पुसलं होतं.

मी घाबरले, पण शिकले होते तेही हेच. आधी कुणी बाहेरून घुसलंय का ते बघायचं. नेटची वायर मी सकाळीच काढून ठेवली होती. वायफाय बंद. दुसरा कीबोर्ड जोडलेला नाही. सगळ्या फाईली चाळल्या, करण कुठेच सापडला नाही.

गनीभाई उंबऱ्यावरच उभे होते. आत आले नाहीत. "करनच वाजवत हुता, ताई. मी रोज ऐकलंय." पुढे त्यांनी लॅबची किल्ली दुसऱ्याकडे दिली आणि त्या मजल्यावर येणंच सोडलं.

सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "कुठेतरी जुनी प्रत राहिली असेल." आणि वर काय म्हणावं त्यांनी? "बघ, पुसूनही पुसलं जात नाही. किती पक्कं काम होतं पोराचं!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यानंतर आवाज कधी आला नाही. मी अजून जोमाने कामाला लागले. प्रबंध लिहिला, बांधून घेतला, वर सोनेरी अक्षरात माझं एकटीचं नाव.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, पुण्याहून बाहेरचे परीक्षक आले. म्हणाले, "दाखवा, तुमचं यंत्र तुम्हाला ओळखतं का." मी बसले आणि ते वाक्य टाइप केलं. हजारदा केलेलं वाक्य. डोळे मिटूनही आलं असतं.

'ओळख पटली : करण.'

"हे करण कोण?" परीक्षकांनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत सर बोलले. त्याचं गाव, त्याची हुशारी, घाटातली जीप. परीक्षकांनी चष्मा काढला. सहकाऱ्याची आठवण म्हणून मी मुद्दाम त्याचं नाव ठेवलं, असं त्यांना वाटलं. सगळे उभे राहिले आणि माझ्या व्हायवात करणसाठी दोन मिनिटं शांतता पाळली!

मी पास झाले. चांगल्या मार्कांनी. कोणाला मिळाले ते मार्क, तुम्हीच सांगा.

शांततेत मान खाली घालून उभी होते, तेव्हा मला माझे हात दिसले.

उजवा अंगठा मुठीत होता.

घरी जाऊन माझेच नमुने लावून पाहिले. सुरुवातीचे माझे होते. दिवाळीनंतर स्पेसबार हळूहळू उशिरा पडत गेला होता. रोज थोडा थोडा. मला पत्ताही लागला नव्हता.

सरांच्या सांगण्यावरून प्रबंधाची एक प्रत द्यायला मी करणच्या गावी गेले. त्याची आई चांगुणाबाई. घरात चूल पेटलेली, त्या आत भाकरी थापत होत्या, मला त्यांनी अजून पाहिलंही नव्हतं. पाणी आणून देणाऱ्या शेजारणीला करणचं काम काय होतं ते बघायचं होतं, म्हणून मी ओसरीवर लॅपटॉप उघडला. टाइप करायला लागले.

आत भाकरीची थाप थांबली.

"करन... आलास का रं? हात धू, भाकर टाकली हाय."

शेजारीण पांढरीफटक पडली.

चांगुणाबाई बाहेर आल्या. पिठाचे हात तसेच. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही, माझ्या हातांकडे पाहिलं. मग शेजारी भिंतीला टेकून बसल्या आणि डोळे मिटले.

"वाजीव, बाळा. थांबू नगं."

मी वाजवत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि चेहऱ्यावर हसू होतं. भीती वाटायला हवी होती मला. वाटला हेवा. माझी आई माझा आवाज असा भिंतीपलीकडून ओळखेल का, एवढंच डोक्यात होतं.

त्या दिवसापासून मी शक्यतो काही टाइप करत नाही. ऑफिसात करावंच लागतं, तेव्हा बाजूची मुलगी म्हणते, "किती जोरात स्पेस देतेस गं!"

चांगुणाबाईंचा फोन येत असतो. करणचं नाव त्या काढत नाहीत. "कदी येतीस?" एवढंच विचारतात. कोण यायला हवंय ते मला माहीत आहे. नाही म्हणायचं ठरवते, आणि हो म्हणून बसते.

या रविवारी परत बोलावलंय. मघाशी लॅपटॉप बॅगेत भरला.

एका हाताचा अंगठा दुमडलेला असला की बॅगेची चेन लावायला फार वेळ लागतो...