शेवटचा कोपरा

वारज्यात हायवेच्या पुलापलीकडे मैत्रीचा गाळा आहे. तिथे जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या शिवतात आणि ऑनलाइन विकतात. मी जायच्या आधी एकच गोधडी तीन-तीन जणांना विकली जायची, कारण कुठली शिल्लक आहे हे मैत्री मांडणीकडे नुसती मान वर करून सांगायची. पुण्यात याला अंदाज म्हणतात, धंदा म्हणत नाहीत. मी तिला तसं तोंडावर सांगितलं आणि तरीही तिनं काम मलाच दिलं.

काम साधं होतं. प्रत्येक गोधडीला बारकोडचं स्टिकर आणि त्यावर माप, रंग, वजन. वजन महत्त्वाचं, कारण कुरिअरवाले ग्रॅमावर भांडतात. माल मांडणीवर चढला की स्कॅन, गाळ्याबाहेर पडला की पुन्हा स्कॅन. काय कुठे आहे, कोणाकडे गेलं, सगळं मोबाइलवर दिसणार.

मैत्रीची आई, प्रेमलाकाकू, निवृत्त शिक्षिका होत्या. शिवणाऱ्या बायकांवर त्यांचं लक्ष असे. प्रत्येक गोधडीचा शेवटचा कोपरा मात्र त्या स्वतः शिवत, आणि शिवण्याआधी त्यात चिमूटभर तांदूळ घालत.

"हे कशाला, काकू?"

"गोधडी उपाशी ठेवू नये. आईनं शिकवलंय."

"तांदळाला किडे लागतात. मागे दोन दुपटी परत आली ती त्यामुळेच. तान्ह्या बाळाच्या पांघरुणात किडे कोण खपवून घेईल?"

काकूंनी चष्मा काढला. "आम्ही नवस, उतारे, अंगारे, सगळं सोडलेली माणसं आहोत, विक्रम. भूत नसतं हे मी वर्गात जन्मभर शिकवलं. पण एवढं एक सोडलं नाही."

मैत्रीनं माझी बाजू घेतली. निदान बाळांच्या दुपट्यांमध्ये तांदूळ बंद झाले. काकूंनी सुई खाली ठेवली आणि ते कोपरे दुसऱ्या बायकांनी शिवले. त्यातलं पहिलं, निळ्या काठाचं दुपटं मैत्रीनं माझ्या मुलीसाठी दिलं. चिमी तेव्हा दोन महिन्यांची होती आणि आमची झोप म्हणजे आनंदच होता. दुपटं अंगावर घातलं आणि ती पहिल्यांदाच सलग झोपली. माझी बायको चैताली म्हणाली, "मैत्रीला माझ्याकडून पेढे दे."

गडबड सुरू झाली ती पाठवणीच्या टेबलावर. दुपट्यांची वजनं नोंदीशी जुळेनात. प्रत्येक दुपटं थोडं जास्त भरत होतं. मोठ्या गोधड्या बरोबर होत्या. मी काट्यावर साखरेचं पाकीट ठेवून पाहिलं. काटा बरोबर होता. दमटपणा म्हणावा, तर बाहेर एप्रिलचं ऊन रणरणत होतं. मी नोंदी दुरुस्त केल्या. पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा चुकल्या, आणि पुन्हा जास्तीकडेच. मला आकडे न जुळण्याची चीड आहे. मी बायकांवर खेकसलो, मैत्रीवरही खेकसलो.

गाळ्यात भैरू नावाचा लठ्ठ बोका होता. दुपट्यांच्या चळतीवर झोपायची त्याला सवय होती. हल्ली तो तिथून उतरत नसे.

"खातो का नीट?" मी एकदा विचारलं.

"वाटीभर दूध पितो," मैत्री म्हणाली. "तरी अंगाला लागत नाही."

त्याच्या बरगड्या दिसत होत्या.

त्या शुक्रवारी दुपारी मी गेलो, तेव्हा मांडणीवरची दुपट्यांची फळी मोकळी होती आणि काकू जमिनीवर बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर भैरू होता. तो मेला होता. मी त्याला उचललं. रिकामी पिशवी उचलावी तसा तो वर आला.

"किती गेली?" काकूंनी विचारलं.

मी मोबाइल पाहिला. माझी पद्धत चोख चालत होती. शेवटची चळत सकाळीच कुरिअरनं उचलली होती.

"सगळी."

त्यांनी तांदळाची पुरचुंडी माझ्या हातात दिली. "तुमच्या घरचं आधी बघा."

मी हसण्यावारी नेणार होतो. पण आठवलं, मंगळवारी लसीच्या वेळी चिमीचं वजन वाढलेलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं होतं, बाळ पितं ना नीट?

कर्वेनगरपर्यंत गाडी कशी आणली, मला आठवत नाही.

"हळू," चैतालीनं दारातच ओठांवर बोट ठेवलं. "झोपलीय. हल्ली किती गुणी झालीय, बघ ना."

पडदे ओढलेले होते. मी दुपटं उचललं. ओल्या चादरीसारखं जड लागलं. हात लावून पाहिलं, तर कोरडं होतं. आणि ऊबदार.

चिमी हलली नाही.

"अरे, काय करतोयस?"

मी कात्रीनं कोपऱ्याचे टाके उसवले. आत साड्यांचे थर होते. दुसरं काहीच नव्हतं. मी तांदूळ आत सोडले. ते कापडावर पडल्याचा आवाज आला नाही. मी बोटं घालून चाचपलं. एकही दाणा हाताला लागला नाही.

मी पुरचुंडी उलटी केली. सगळे तांदूळ आत गेले.

मग चिमी रडली. बारीक, घोगरं. चैतालीनं तिला छातीशी घेतलं आणि ती अधाशासारखी प्यायला लागली. मी भिंतीला टेकून रडलो, त्याची मला लाज वाटत नाही.

नंतर मी मोबाइल उघडला. दुपटी, शिल्लक शून्य. खाली घरोघरचे पत्ते, नंबर. सगळ्यात वर नाशिकच्या कोणा कादंबरीताईंचा नवा अभिप्राय होता. पाच तारे. "खूप मऊ. बाळ कालपासून शांत झोपलंय."

मी फोन लावला. बराच वेळ वाजला. मग कोणीतरी उचलला.

"ताई, ते दुपटं आधी बाळाच्या अंगावरून काढा!" मी ओरडलो.

पलीकडून कुजबुज आली.

"अहो, हळू बोला ना. उठेल तो."