कपाशी एफएमचा पहिला आवाज

सुरुवातीची धून

"माझे मियां चोरीले गेले," परवीन चाची खुर्चीत बसता बसता म्हणाल्या.

तनवीरने पेन खाली ठेवलं. चाचींच्या नवऱ्याला, इनायतुल्ला साहेबांना जाऊन चार वर्षं झाली होती, त्यांच्या जनाज्याला खांदा द्यायला तो स्वतः होता. उन्हाने चाचींचं डोकं फिरलं की काय? फिरायचंच. मार्चातच अमरावती तापली होती आणि आज तिसावा रोजा. तनवीरची स्वतःची जीभ टाळूला चिकटली होती.

त्याची वरिष्ठ, खासगी तपास करणारी चारुता देशकर, हिला मात्र कळलं. "त्यांचा आवाज?"

चाचींनी मान हलवली.

कपाशी एफएम सुरू झालं तेव्हा त्याचे पहिले निवेदक इनायतुल्ला. अमरावतीतून बोलायचे, अकोल्यापर्यंत ऐकू जायचे. सर्व्हर जळाला तेव्हा वर्षानुवर्षांचे कार्यक्रम गेले. उरली फक्त पहिल्या दिवसाची सीडी. ईदनंतर स्टेशन मुंबईच्या कंपनीकडे जाणार होतं, म्हणून मालकांनी ती सीडी चाचींना द्यायचं कबूल केलं होतं. काल संध्याकाळी ती कपाटातून गेली.

"मोबाइलमधी फोटो हायेत," चाची म्हणाल्या, "आवाज नाई."

ती कुणाला हवी होती, असं चारुताने विचारलं. सगळ्यांनाच, असं उत्तर आलं. जाहिरात विभागाच्या गजालाला ईदच्या कार्यक्रमासाठी. इंजिनिअर किसनरावांना, कारण ती त्यांनीच रेकॉर्ड केली होती. आणि संध्याकाळच्या कार्यक्रमाच्या अद्वैतला. पुण्याहून आलेला गोड पोरगा, घरी येऊन चहा पिऊन गेला. सीडीवरून मशीनमध्ये साहेबांचा आवाज तयार करतो म्हणाला. मग ते रोज बोलतील.

"म्या म्हटलं, नको बाबू. ते जेवढं बोलले तेवढंच बोलले."

उद्या ईद. परवा स्टेशनला नवीन कुलूप. म्हणजे हातात फक्त

गाणं

आजचा दिवस. गाडीत तनवीरने रेडिओ लावला, बंद केला, पुन्हा लावला. मग बोलत सुटला. भूक लागली की तो बोलायचा.

काल इफ्तारला तो इर्विन चौकात अडकला होता. रेडिओवर अद्वैतने रोजा खोलायला सांगितलं, तनवीरने खजूर तोंडात टाकला. लगेच अद्वैतने उद्याच्या सेहरीची, म्हणजे रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाची वेळ सांगितली, सरबतवाल्यांच्या सौजन्याने, रोजच्यासारखीच. तनवीरने घरी फोन करून सांगितलं की उद्याही रोजा आहे. तर अम्मी भडकली.

"म्हणते, चांद कमिटी गप हाये अन् तू कोण मोठा मुफ्ती लागून गेला? अन् ताई, शेवटी रोजा निघालाच ना? ढगात चांद दिसलाच नाई. रात्री कमिटीनं तेच सांगतलं. पण आपल्याले घरात इज्जत नाई."

चारुता हसली नाही. खिडकीबाहेर पाहत राहिली.

श्रोत्यांचे फोन

गजाला आधी. जुनं ऑफिस गांधी चौकात, सीडीचं कपाट तिथेच. काल इफ्तारच्या जरा आधी ती फोटोग्राफरला घेऊन तिथे गेली होती, पोस्टरसाठी सीडीचे फोटो काढले. कुलूप लावून किल्ली कॅम्पातल्या स्टुडिओत खिळ्यावर अडकवली आणि वर गच्चीवर गेली. सगळं ऑफिस तिथे होतं. रोजा खोलल्यावर सगळे मान वर करून चांद शोधत होते. थोडे फोटो राहिले म्हणून तासाभराने खिळ्यावरची किल्ली घेऊन ती फोटोग्राफरसोबतच पुन्हा गेली, तर डबी रिकामी.

"आणि गच्चीवर कोण नव्हतं?"

"किसनकाका अकोल्याला होते. अद्वैत खाली स्टुडिओत, लाइव्ह. सगळं शहर ऐकत होतं त्याला. मॅडम, मी त्या कार्यक्रमाला प्रायोजक आणलेत. सीडी गेली तर माझीच मान जाणार."

किसनराव चिडलेले होते. अकोल्याच्या प्रक्षेपण केंद्रात दुपारपासून बसून होतो, वॉचमनला विचारा, असं त्यांनी दोनदा सांगितलं. वॉचमनने फोनवर दुजोरा दिला.

"कार्यक्रम ऐकला का?"

"ऐकला. जीव नव्हता त्यात. चांदाचा दिवस, अन् पोरगा एकही फोन घेऊन नाई राहिला. इनायतभाई असते तर तासभर फोनच फोन असते. म्हटलं लाइन बिघडली काय, म्हणून स्टुडिओत मीच लावला. घंटी वाजली. कोणी उचललाच नाई."

अद्वैत शेवटी. देखणा, नम्र, पायाने सारखा ताल धरणारा. त्याने घड्याळाकडे बोट केलं. दोन गाण्यांच्या मधल्या वेळात कॅम्पातून गांधी चौकात जाऊन परत येता येतं का, ताईंनीच सांगावं. इफ्तारच्या गर्दीत?

तनवीरला ते पटलं. ती गर्दी त्याने काल भोगली होती.

ब्रेक

तनवीर व्हरांड्यात येरझारा घालत होता. गजालाच्या सोबतीला फोटोग्राफर. काका अकोल्याला. अद्वैत लाइव्ह. उरलेले गच्चीवर. म्हणजे सीडी कुणीच नेली नाही. असं कसं? असं कसं? पाणी प्यावंसं वाटलं, आणि रोजा आठवून तो आणखी वैतागला.

"चाचींना बोलावून घे," चारुता म्हणाली. "आणि तुझ्या अम्मीला माझा सलाम सांग. तिनेच सोडवलं हे."

पुन्हा स्टुडिओत

सगळे काचेच्या खोलीत कोंबून बसले. चारुताने तनवीरकडे पाहिलं.

"काल कितवा रोजा होता?"

"एकोणतिसावा."

"मग संध्याकाळी अमरावतीत कुणाला ठाऊक होतं का, की उद्या रोजा आहे?"

तनवीरने हिशेब लावला. चांद दिसला असता तर आज ईद असती. कमिटीचा निर्णय यायच्या आधी सेहरीची वेळ कोण सांगणार? त्या एका संध्याकाळी गावात कुणीच सांगत नाही. अम्मी नेमकं त्यावरच भडकली होती, आणि तो मात्र इज्जतीचं रडत बसला.

"पण ते खरंच ठरलं ना," अद्वैत म्हणाला.

"म्हणून तर कुणाच्या लक्षात आलं नाही. तू जे बोललास ते खरं निघालं, पण बोललास तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. तू ते दुपारीच बोलून ठेवलं होतंस. रोज म्हणतोस तसंच. एकोणतिसावा रोजा वेगळा असतो, हे तुला कुणी शिकवलं नव्हतं."

"लाइव्हमध्येही चूक होते."

"झाली असती तर पुढच्याच मिनिटाला फोन करून लोकांनी तुला झोडपलं असतं. फोन येतच होते. किसनकाकांचाही आला, घंटी वाजली. उचलायला इथे माणूस नव्हता. कॉम्प्युटर तुझा आवाज वाजवत होता, आणि तू खिळ्यावरची किल्ली घेऊन गांधी चौकात होतास. गजाला पुन्हा तिथे जाईल हे तुला माहीत नव्हतं."

पायाचा ताल थांबला. अद्वैतने बॅगेतून सीडी काढून चाचींसमोर ठेवली.

"मी ती परतच ठेवणार होतो," तो म्हणाला. "नव्या मालकांना दाखवायचं होतं, इथे काय होऊ शकतं ते. आणि उद्या सकाळी साहेबांनी सगळ्या शहराला ईद मुबारक म्हणावं. तुम्हालाही. ऐकलं की तुम्ही हो म्हणाल असं वाटलं."

"बनला काय आवाज?" चाचींनी विचारलं.

त्याने लॅपटॉप उघडला.

"लाव."

स्पीकरमधून इनायतुल्ला आले. तोच खर्ज, तेच शब्दाच्या शेवटी किंचित रेंगाळणं. किसनरावांनी खुर्चीचा हात धरला. "परवीन," आवाज म्हणाला, "तुला ईद मुबारक."

चाचींनी डोळे मिटले होते. ते उघडले तेव्हा कोरडे होते.

"हे मले 'तू' म्हणून राहिले," त्या म्हणाल्या. "उभ्या जन्मात त्यांनी मले 'आप'शिवाय हाक नाई मारली. रेडिओवरचा माणूस तू बनवला, बाबू. घरातला तुले कुठून भेटन? पूस ते."

अद्वैतने ते सगळ्यांसमोर पुसलं. त्याचं पुढे काय करायचं ते मालक पाहतील, असं चारुता म्हणाली. चाचींना त्यात रस नव्हता. त्या सीडी उलटसुलट करत होत्या. उद्घाटनाच्या दिवशी मोहल्ल्यात लोडशेडिंग होतं, तो पहिला कार्यक्रम त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

किसनरावांनी सीडी घातली. खरखर. कुणीतरी घसा साफ केला. मग कपाशी एफएमच्या इतिहासातलं पहिलं वाक्य आलं, घाबरलेलं, माइक चालू आहे हे न कळून बोललेलं:

"किसन, सुरू झालं काय बे?"

"झालं, भाई," किसनराव म्हणाले.