श्वांगछ्याओला कोणी धरून दिलं

"माझ्या मुलाला कोणी धरून दिलं ते शोधून द्या," म्हातारे फू म्हणाले. "नाव मला ठाऊक आहे. पुरावा तेवढा हवाय."

यानबाईंनी चहाचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. वूहानमधल्या त्यांच्या कचेरीवर 'व्यापारी माहिती सल्लागार' अशी पाटी होती, कारण खाजगी गुप्तहेर म्हणून पाटी लावायला सरकारची बंदी होती. नवऱ्यांच्या भानगडी आणि नकली माल, एवढ्यावर कचेरी चालायची. राजकारणातलं काम त्या घेत नसत. पण फूंना घेऊन आला होता गाओ. तो यानबाईंचा मदतनीस आणि पोलाद कारखान्यातला फूंचा जुना सोबती. त्याला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही.

फूंचा मुलगा येनबो शाळामास्तर होता. पेन्शन मागायला गेलेल्या कारखान्यातल्या म्हाताऱ्यांना पोलिसांनी एका अतिथीगृहात कोंडून ठेवलं, त्यावर तो टोपणनावाने लिहायचा. लेख परदेशातल्या संकेतस्थळावर यायचे आणि देशात कुणाला उघडता येत नसत. मागच्या महिन्यात त्याला पकडलं.

"संशय कोणावर?"

"ताओवर. लेख तोच चढवायचा. पोलिसांनी त्यालाही नेलं आणि दुसऱ्या दिवशी सोडलं. फुकट सोडतात का कोणाला? नाहीतर मग सून. लिहिणं बंद कर म्हणून रोज मागे लागायची."

"टोपणनाव कोणाकोणाला माहीत होतं?"

"त्या दोघांना आणि मला. मला त्याने एकदा कानात सांगितलं. श्वांगछ्याओ." म्हातारा जरा ताठ बसला. "दोन पूल. एक त्याच्या घरून माझ्याकडे येणारा, दुसरा माझ्याकडून जगाकडे जाणारा. असं आपलं मी धरून चाललोय."

"पोलीस आधी कुठे आले?"

"माझ्याकडे. जेवायला बसलो होतो. आधी माझा कॉम्प्युटर उचलला, मग नदीपलीकडे त्याच्या घरी गेले. माझ्या कॉम्प्युटरात काय ठेवलंय? गाण्याची नाटकं आणि हवामान."

"इंटरनेटची जोडणी तुमच्या नावावर?"

"येनबोच्या. त्यानेच घेऊन दिली."

"टाइप करायला मी शिकवलं," गाओ कौतुकाने म्हणाला. "म्हातारा घाबरायचा. म्हटलं, शब्दाचा उच्चार टाक, तशा उच्चाराची सगळी अक्षरं समोर येतात, जे पहिलं वर येईल ते दाब. काय कठीण आहे?"

सून रुईलान औषधांच्या दुकानात काम करायची. गिऱ्हाईक गेल्यावर ती हळू आवाजात बोलू लागली.

"सासरे सगळ्यांना सांगत सुटलेत, मीच खबर दिली म्हणून. शेजारणी बोलायच्या बंद झाल्यात. आणि खरं सांगू? मी त्याला म्हटलं होतं, तुझ्यापेक्षा तो ताओ पकडला गेला तर बरा, निदान त्याला बायकापोरं नाहीत. आता ते आठवलं की घास उतरत नाही."

"वकील त्याला भेटला?"

"एकदाच. चौकशी करणारा येनबोला एकच विचारत होता, दुसरा पूल कुठला, तिथे कोण जमतं? येनबोला काही कळेना. शिवाय टोमणा मारला म्हणे, रोज संध्याकाळी स्वतःचंच नाव शोधत बसतोस, लाज नाही वाटत? संध्याकाळी तर तो शिकवणीला असतो."

"हे टोपणनाव कसं सुचलं त्याला?"

रुईलान पहिल्यांदाच किंचित हसली. "लग्नाआधी आम्ही पहाटे पुलावर उभे होतो. कठड्यावर दव गोठलं होतं."

ताओ छापखान्याच्या मागच्या खोलीत भेटला. त्याने यानबाई आणि गाओला बसायलाही सांगितलं नाही.

"सोडलं, कारण मी सही केली," तो म्हणाला. "पुन्हा हे काम करणार नाही म्हणून. झालं समाधान?"

"येनबोचं नाव तुम्ही सांगितलंत?"

"त्यांनी विचारलंच नाही. मला नेलं तेव्हा ते त्यांना आधीच माहीत होतं." त्याने समोरचे कागद एका बाजूला सारले. "विचारलं असतं तर मी काय केलं असतं, ते मला सांगता येणार नाही."

"लेखाखाली टोपणनाव कसं छापायचात?"

"गोठलेलं दव आणि पूल. दोनच अक्षरं, प्रत्येक लेखाखाली."

बाहेर पडल्यावर गाओ म्हणाला, "सूनच आहे. पुलाची गोष्ट तिलाच ठाऊक."

"म्हणूनच ती नाही," यानबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "गाओभाऊ, उद्या सगळ्यांना फूंच्या घरी बोलवा. आणि तुम्ही त्यांच्या शेजारी बसा."

दुसऱ्या दिवशी दुपारी फूंच्या खोलीत चौघे दाटीवाटीने बसले. कॉम्प्युटरच्या रिकाम्या मेजाला टेकून यानबाई उभ्या राहिल्या.

"आपल्या भाषेत श्वांग म्हणजे गोठलेलं दव, आणि श्वांग म्हणजे जोडीसुद्धा," त्या म्हणाल्या. "कानाला एकच, लिहायला वेगळं. येनबो लिहायचा दव. लेखांवर दव. ताओंना दव माहीत, रुईलानला दव माहीत. यांच्यापैकी कोणी खबर दिली असती तर लेख दाखवूनच दिली असती, आणि पोलिसांकडे दव पोचलं असतं. पण पोलीस विचारत होते दुसऱ्या पुलाबद्दल. त्यांच्याकडे आलेल्या नावात जोडी होती. कुठल्यातरी गुप्त टोळीचं नाव असावं, असं त्यांना वाटलं."

रुईलानने सासऱ्यांकडे पाहिलं.

"दुसरं. ते आधी या घरी आले. तिसरं, रोज संध्याकाळी कोणीतरी ते नाव शोधत होतं, आणि तो येनबो नव्हता. पण जोडणी येनबोच्या नावावर, म्हणून त्यांनी येनबोच धरला." यानबाई खाली बसल्या. "फूकाका, तुम्ही सर्चच्या चौकटीत काय टाकत होतात?"

म्हाताऱ्याने उजव्या हाताचं बोट मेजावर टेकवलं.

"त्याचं नाव," तो म्हणाला. "मग श्वांगछ्याओ. मग कारखाना, पेन्शन. मला वाचायचं होतं, त्याने आमच्याबद्दल काय लिहिलंय ते. काही यायचंच नाही. कधी पानच उघडायचं नाही. वाटायचं, मलाच नीट येत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी परत."

"अक्षर कोणतं दाबायचात?"

"पहिलं येईल ते."

गाओच्या लक्षात आलं. जोडी हाच रोजच्या वापरातला शब्द. तोच पहिला वर येणार. "ते मी सांगितलं होतं," तो म्हणाला. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

"मी फक्त विचारत होतो," फू म्हणाले.

"हो. विचारणं हा गुन्हा नाही. पण त्या सर्चच्या कंपनीने तुमचं रोजचं विचारणं जपून ठेवलं आणि पोलिसांच्या हाती दिलं. पुराव्याचा कागद माझ्याकडे नाही, मिळणारही नाही. पण ते चुकीचं अक्षर तुमच्याशिवाय कोणी लिहीत नव्हतं, आणि तुम्ही ते त्या चौकटीखेरीज कुठेही लिहिलं नाहीत."

फू उठले आणि ताओसमोर वाकले. "नको, काका," ताओ खांदा धरत म्हणाला. "सही मीही केलीच आहे."

मग ते सुनेकडे वळले. रुईलानने त्यांना वाकू दिलं. मग चहाची भांडी आवरायला म्हणून ती उठली, पण ती तशीच हातात धरून उभी राहिली.

"बाबा, हे येनबोला तुम्ही सांगायचं," ती म्हणाली. "मी सांगणार नाही."

शिक्षा लागल्यावरच घरच्यांना भेटता येतं. ती लागली तीन वर्षांची. पहिल्या भेटीला फू आत गेले. गाओ तुरुंगाच्या फाटकाबाहेर उभा राहिला. फूंना सांगायला जमलं नसेल तर बरं, असं त्याच्या मनात येत होतं, आणि असं मनात यावं याचीही त्याला लाज वाटत होती.

म्हातारा बाहेर आला तो सावकाश, टोपी हातात घेऊन.

"सांगितलंस?" गाओने विचारलं.

"सांगितलं."

"माझंही?"

"तुझं कशाला? बोट माझं होतं." दोघे थोडे चालले. "मध्ये काच असते. फोनवर बोलायचं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, काही सापडलं का, बाबा? म्हटलं, नाही. एक ओळसुद्धा नाही."

"मग?"

"मग त्याने आमच्यावरचा लेख म्हणायला सुरुवात केली. पाठ आहे त्याला सगळं. अतिथीगृहाच्या दारावर, एवढं ऐकू आलं आणि पहारेकऱ्यांनी फोन बंद केला." फूंनी टोपी डोक्यावर घातली आणि परत काढली. "तो थांबला नाही, गाओ. काचेपलीकडे त्याचे ओठ हलत होते. मला एक अक्षर कळलं नाही. मी आपली मान हलवत राहिलो."