पोत्यात शिवलेलं वाचनालय

"वाचनालयातून तेंदूपानांचा वास काऊन येऊन राहिला?" गुड्डूने खिडकीच्या गजांत नाक खुपसून विचारलं.

पुष्पांजलीने धाकट्या भावाला बाजूला ढकललं आणि स्वतः आत डोकावली. आत छतापर्यंत पोती रचलेली, आणि भिंतीवरच्या फळ्या साफ रिकाम्या. आठशे चाळीस पुस्तकं गायब!

सालेकशाच्या जंगलाला लागून असलेल्या या गावात वाचनालय म्हणजे एकच खोली, पण तिचा थाट विचारू नका. प्रत्येक पुस्तकाला गावातल्या बायांनी जुन्या लुगड्यांची कव्हरं शिवली होती. कुठलं मोरपंखी, कुठलं जांभळं, कुठलं जरीच्या काठाचं. मे महिन्याच्या दुपारी बाया आंब्याखाली विडीसाठी तेंदूच्या सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधत बसायच्या आणि एखादं पोर त्यांना गोष्ट वाचून दाखवायचं. गोष्ट रंगली की पुडेही भराभर व्हायचे.

हे सगळं अकरा वर्षांत उभं केलं पुष्पांजलीच्या आत्याने, कुंदाबाईंनी. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्या नागपूरला गेल्या होत्या आणि आज संध्याकाळी परतणार होत्या. जाताना वाचनालयाची किल्ली त्यांनी तेरा वर्षांच्या पुष्पांजलीच्या हातात ठेवली होती. आणि परवा वाचनालयाचे सचिव शालीकराम काका "दोन दिवस दे वं" म्हणाले, तेव्हा तिने ती देऊन टाकली होती. कशाला, हेसुद्धा न विचारता!

"किल्ली मी देली," ती म्हणाली. "आत्या यायच्या आधी पुस्तकं मीच शोधीन."

"मीच क्या? आपण!" हिमांशू म्हणाला. हा तिचा मामेभाऊ, गोंदियाहून सुट्टीला आलेला. त्याची मराठी अर्ध्या वाटेत हिंदीत उतरायची.

तिघं धावत सुटले. शालीकराम काका पानटपरीवर निवांत सुपारी कातरत होते.

"अवं, आभाळ भरून आलं होतं. मुन्शीनं माल ठेवाले खोली मांगली, मी देली. पुस्तकं मजुराइनं पंचायतीत नेली असतीन!"

"असतीन? तुमी पायलं नाई, काका?"

"आता त्यात का पाहाचं!"

पंचायतीत पुस्तकाचं एक पानही नव्हतं! तिघं धापा टाकत परत येतात तो वाचनालयाच्या अंगणात ट्रक उभा! मजूर खोलीतली पोती बाहेर आणून रचत होते, आणि तेंदूच्या ठेकेदाराचा माणूस, हिरालाल मुन्शी, घड्याळ बघत ओरडत होता.

"किताबें? मेरे को क्या मालूम? चला, पोट्टेहो, बाजूला व्हा!"

गुड्डूला राग आला की तो उड्या मारतो. दरवर्षी तेंदूपानांच्या मऊ पोत्यांवर तो घसरगुंडी खेळायचाच. आता त्याने रागारागात एका पोत्यावर बूड आपटलं.

"अगा माय वं!" तो कंबर धरून किंचाळला. "यात पानं नाईत! कोपरे हायेत, कोपरे!"

पुष्पांजलीने पोतं चाचपलं. खरंच, आत टणक कोपरे लागत होते. एका क्षणात तिला सगळं कळलं. मजुरांनी फळ्या रिकाम्या करून पुस्तकं पोत्यांत कोंबली होती. तेंदूच्या हंगामात पोतं भरलं की सुई-सुतळी आपोआप चालते. त्याच सवयीने त्यांनी तोंडं शिवली आणि मालाबरोबर रचून टाकली! आता सगळं वाचनालय विडीच्या गोदामाकडे निघालं होतं.

"मुन्शीजी, हे उसवा!"

"शिवलेलं पोतं उसवत नाही. मालिक का हुकूम है. हटो!"

पुष्पांजलीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हटली नाही. ती हिमांशूच्या कानात काहीतरी कुजबुजली. दोघांनी खोलीतली, अंगणातली सगळी पोती मोजली. एकदा नाही, दोनदा! मग ती मुन्शीला सोडून थेट ट्रकच्या ड्रायव्हरकडे गेली.

"भाऊ, तुमच्या परवान्यावर किती पोती लिहिली हायेत?"

"दो सौ."

"अन् इथं दोनशे चौदा हायेत. जंगलखात्याच्या नाक्यावर मोजली त गाडी कोणाची धरतीन?"

ड्रायव्हर टुणकन खाली उतरला. "मुन्शीजी, एक भी पोता ज्यादा हुआ तो मैं गाडी नहीं हलाऊंगा!"

मुन्शीचा चेहरा खर्रकन उतरला. "चौदा जास्त? पण कोणती चौदा? सगळी उसवत बसू का आता?"

"उसवाले नाई लागत," पुष्पांजली म्हणाली. "पानांचा भुगा होऊ नये म्हणून तुमी भरताना पाणी शिंपडता ना? पानांची पोती ओलसर लागतीन. जे कोरडं, ते आमचं!"

मग काय! तिघांनी पोत्यापोत्याला हात लावायला सुरुवात केली. "ओलं! ओलं! कोरडं!" मजूरही ओशाळून मदतीला आले. गलका ऐकून अर्धं गाव जमलं. चौदावं पोतं उसवलं तेव्हा मोरपंखी, जांभळी, जरीकाठी पुस्तकं अंगणभर पसरली होती. काही कव्हरं फाटली होती, पण पुस्तक एकही हरवलं नव्हतं.

तेवढ्यात ऑटोतून कुंदाबाई उतरल्या, डोळ्यांवर काळा चष्मा लावून. पुष्पांजली पुढे झाली आणि कोणी काही विचारायच्या आत म्हणाली, "आत्या, किल्ली मीच देली होती. चूक माझी हाय."

कुंदाबाईंनी सगळी हकिगत ऐकून घेतली. मग तिला जवळ ओढून म्हणाल्या, "न विचारता देली, हे चुकलंच. पण तू घरी लपून नाई बसली. शाब्बास, पोरी! अन् तुमीही दोघं, शाब्बास!"

तोवर शालीकराम काका गर्दीतून मान खाली घालून पुढे आले. "माफ करजा, बाई. फुडच्या डाव कोणी खोली मांगली त मी विचारूनच देईन."

"कोणाले विचारसान?" कुंदाबाईंनी विचारलं.

काकांनी धुळीने माखलेल्या त्या तिघांकडे पाहिलं.

"याइले," ते हळूच म्हणाले. अंगणात टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि सगळ्यांत जोरात टाळ्या ड्रायव्हरने वाजवल्या!