नळीमागची ओळ

प्रदर्शनाच्या जोड्या लावायला मॅडमनी बीकरमधून चिठ्ठी काढली — माझं नाव. दुसरी काढली — प्रफुलचं. आर्वीहून एसटीनं येणारा, शेवटच्या बाकावरचा प्रफुल. बीएस्सीच्या तीन वर्षांत मी त्याच्याशी तीन वाक्यंही बोलले नव्हते. मागून कोणीतरी मुद्दाम खोकलं. माझे कान तापले.

विज्ञान प्रदर्शनासाठी जीवशास्त्राचा विषय शनिवारी चारपर्यंत द्यायचा होता. सोमवारपासून आम्ही भांडत होतो. मी म्हटलं, बोर धरणाचे बेडूक घेऊ. तो म्हणाला, "थंडीत बेडूक कुठून आणशील? दवंडी देशील का?" त्यानं संत्र्याच्या सालीचा डासांवर परिणाम सुचवला. मी म्हटलं, "घरची संत्री खपवाची आहेत का तुले?" तो हसायचा, खिशातलं संत्रं सोलायचा, अर्ध्या फोडी माझ्यापुढे सरकवायचा... हिंगणीला घरी पोचले तरी बोटांना तो वास असायचा. मी हात धुवायला उशीर करायचे.

शुक्रवारी तो म्हणाला, "सिकलसेल घेऊ."

फोड हातातच राहिली.

नववीत शाळेत या रक्ताच्या आजाराची तपासणी झाली होती. कार्डावर माझ्या नावापुढे लिहून आलं — वाहक. मला त्याचा त्रास नाही. पण जोडीदारही वाहक निघाला तर लेकराला तो आजार होऊ शकतो. माझ्या मोठ्या बहिणीचं, अंकिताताईचं, असंच कार्ड पाहून तिला बघायला आलेले पाहुणे उठून गेले होते. त्या दिवशी आईनं माझं कार्ड लुगड्याच्या घडीत दडवलं. "कोणाले सांगजो नको, बाई."

"दुसरं काही पाहू," मी म्हटलं.

"काऊन?"

"मले रक्त नाई पाह्यवत."

"झुरळ फाडताना तर गुणगुणत होती तू."

मी फोड त्याच्यापुढे परत सरकवली.

शनिवारी तीन वाजता प्रयोगशाळेत आम्ही दोघंच. दारात स्टुलावर शिपाई बंडूजी. "चाराले कुलूप लावतो मी, पोट्टेहो. मंग बाहेर जाऊन भांडजा."

प्रफुलनं तपासणीचं सामान मांडलं होतं. "आधी आपण दोघं. आपलं न देता लोकाईचं रक्त कसं मागाव?"

"तुह्या एकट्याचं कर. माह्यं नाव काढून टाक."

त्याचं हसू मावळलं. "मी काही चुकलो का, सुरभी?"

"नाई."

"मंग आईक. आमच्या आचलताईचं पोरगं दोन वर्षांचं आहे. दुखणं उठलं का त्याले जवळ घेता येत नाई. ताई अन् भाऊजी, दोघंही वाहक. कोणी तपासलंच नव्हतं." मग हळूच म्हणाला, "मी सख्खा भाऊ. पण अजून तपासून नाई पाह्यलं. भेव वाटते."

त्याला कळण्याची भीती, मला कळवण्याची. एवढ्याशा टेबलावर दोन भित्री माणसं.

मी सुई उचलली.

माझ्या रक्ताचा थेंब द्रावणात पडला. पाच मिनिटांनी नळीमागे ओळींचा कागद धरायचा. ओळी दिसल्या तर काही नाही; द्रावण गढूळ होऊन लपल्या तर सिकलसेल — नुसता वाहक असला तरी.

"छापील कागद गवसला नाई," प्रफुलनं खिशातून घडी काढली. "मीच एक ओळ लिहून आणली." आणि त्याचे कान लाल झाले.

वेळ झाली. त्यानं कागद नळीमागे धरला. "वाच."

"दिसत नाई काही." माझा आवाज मलाच परका वाटला. "दिसनारही नाई. नववीपासून ठाऊक आहे मले."

तो नळीकडे पाहत राहिला. मी वाट पाहत होते — आता उठेल, आता निघेल. त्यानं नवी सुई घेतली. दोनदा बोटापर्यंत नेली, दोनदा मागे घेतली. मी त्याचं बोट धरलं. गार होतं... थेंब आला, तरी मी ते सोडलं नाही.

"पाच मिनिटं," तो म्हणाला. "त्याच्या आधी सांगू का, काय लिहिलं ते?"

"नको."

"नळी काहीही म्हणो, मी तर—"

"तू बोलशील, अन् नळी गढूळ निघंल. मंग मले ते इसरता येनार नाई."

"मी इसरूच देनार नाई."

भाकरी थापताना आई म्हणते ती ओवी ओठांवर आली —

*गुपित ठेवू कुठं बाई, पदराले गाठ नाई,*
*गाठ माराले गेली त, हाती पदर राह्यत नाई.*

दारात बंडूजीच्या किल्ल्यांचा आवाज झाला. प्रफुलनं नळी उचलली, मागे कागद धरला आणि डोळे मिटून घेतले. "तूच पाह्य."

लाल... पण आरपार. मागची अक्षरं स्पष्ट दिसत होती. मी वाचलं, "'विषय कोणताही घे, सुरभी. जोडीदार बदलू नको.'"

त्यानं डोळे उघडले.

मी फॉर्म ओढला. विषय लिहिला — सिकलसेल. खाली लिहिलं, पहिला नमुना, आणि पुढे स्वतःचं पूर्ण नाव. आडनावासकट.

"अन् घरी आईले काय सांगशील?" त्यानं विचारलं.

मी पेन त्याच्या हातात दिला. "तू सांगजो. मी बाजूले बसीन."