भोपाळहून इंदूर, रस्त्यानं

धुक्यामुळे आमचं पुणे-इंदूर विमान भोपाळला उतरलं. सकाळचे साडेआठ. एक वाजता इंदूरला, अन्नपूर्णा भागातल्या आमच्या घरी, मला बघायला लोक येणार होते.

“हवा साफ झाली की पुढे जाऊ,” असं सांगण्यात आलं. ज्यांच्याकडे फक्त हँडबॅग, त्यांना उतरायची मुभा.

“टॅक्सी करू या?” शेजारच्या सीटवरचा म्हणाला. “विमानाला पस्तीस मिनिटंच लागतात, पण धुकं दुपारशिवाय हटत नाही. रस्त्यानं चार तास.”

“तुम्हाला काय माहीत?”

“विमानांची टाइमटेबलं बसवायचीच नोकरी आहे माझी. हृषीकेश. इंदूरचाच, परदेशीपुऱ्याचा.”

“मी तन्वी. मला एकच्या आत पोचायचंय हं!”

“साडेबाराला सोडतो. पक्का.”

सीहोरला चहा. ‘फक्त पाच मिनिटं’ म्हणाला, बावीस झाली. मी घड्याळ बघत होते... आणि त्याच्याकडेही, थोडंसं. आष्ट्याला पोह्यांसाठी थांबलो. बाकडं दवानं ओलं होतं. रुमालानं त्यानं माझ्यापुरतं पुसलं आणि स्वतः ओल्या बाजूला बसला.

“जीरावण थोडं और, भिया!” तो मसाल्याच्या डब्याकडे बोट दाखवत पोहेवाल्याला म्हणाला, आणि माझा फोन वाजला. विमान इंदूरला उतरल्याचा मेसेज. दहा वाजून पाच मिनिटं.

मी फोन त्याच्यासमोर धरला. “हृषीकेशजी, हे काय?”

त्याचे कान लाल झाले. “धुकं साडेनऊला हटणार... माहीत होतं मला.”

“मतलब?”

“मतलब — विमानात तुमच्याशेजारी पस्तीस मिनिटं मिळाली असती. मला चार तास पाहिजे होते.”

“आणि घरी मला बघायला लोक येतायत, त्याचं काय?”

त्यानं अर्धी प्लेट तशीच खाली ठेवली. “सॉरी. मला खरंच माहीत नव्हतं. चला... वेळेवर पोचवतो.”

त्यानंतर तो खिडकीबाहेर बघत बसला. ना चहा, ना पाच मिनिटं. पावणेबाराला देवास आलंसुद्धा! आता आम्ही अगदी वेळेवर पोचणार होतो — आणि हीच पंचाईत होती.

मी आईला फोन लावला.

“आई, त्या लोकांना येऊ नका म्हणून सांग.”

“आता? ऐन वेळी? विमान नाही का आलं?”

“विमान केव्हाच आलं. मी रस्त्यानं येतेय. आणि... एकटी नाहीये.”

इकडे खिडकीतलं डोकं हळूच वळलं.

“कोण आहे?” आईचा आवाज एकदम खाली आला.

“परदेशीपुऱ्याचा आहे. हृषीकेश.”

“आपल्यातला वाटतो... हे बघ, आधी त्यांना फोन करून माफी मागते. पण श्रीखंड केलंय किलोभर, ते कोण खाणार? घेऊन ये त्याला.”

मी फोन ठेवला.

“काय म्हणाल्या?” हृषीकेशनं विचारलं.

“एक वाजता तुला बघायचा कार्यक्रम आहे.”

तो पुढे वाकून, ड्रायव्हरच्या आरशात बघत, दोन्ही हातांनी केस बसवायला लागला.