सात मावश्यांची पुष्पचक्रं

दुपारी चारला पांपात, त्या ओसाड वाळवंटी पठारावर, वारा सुटायचा, घड्याळ लावावं तसा. त्या दिवशी त्याने एदेलमिराच्या खिडकीतलं लाल कागदी फूल उचललं आणि पाळी संपवून येणाऱ्या एका खाणकामगाराच्या टोपीवर नेऊन ठेवलं. भुवयांपर्यंत सोऱ्याच्या धुळीने माखलेला तो... फूल घेऊन दारात उभा राहिला.

"तुमचं दिसतंय."

"माझं नाही, मेलेल्यांचं," ती म्हणाली. "द्या इकडे."

त्या वाळवंटात खरं फूल तासभरही टिकत नसे. म्हणून सांता ओब्दुलिया या खाणीच्या गावातल्या कबरींवर मेणात बुडवलेली कागदी फुलंच चढायची, आणि ती एदेलमिरा आणि तिची आई करायच्या.

"मग मलाही एक पुष्पचक्र हवंय," तो घाईने म्हणाला. "मावशीसाठी. बिचारी... वारली."

त्याचं नाव एलिओदोरो. पुष्पचक्राला दोन संध्याकाळी लागायच्या आणि दोन्ही संध्याकाळी तो स्टुलावर बसून राहिला. पुढच्या आठवड्यात दुसरी मावशी गेली. मग तिसरी.

"तुमच्या घराण्यात साथ आलीय का?" एदेलमिराने विचारलं. "किती मावश्या राहिल्यात अजून?"

"चार," तो मान खाली घालून म्हणाला. "पण तब्येती... नाजूक आहेत."

तो गेल्यावर आई पाकळ्या कातरता कातरता म्हणाली, "पोरी, तुझ्यापायी हा सगळं घराणं संपवणार बघ!"

सातवी मावशी गेली त्याच आठवड्यात कंपनीच्या दुकानाच्या भिंतीवर कागद लागला. महिनाअखेर खाण बंद, भोंगा बंद, गाव रिकामं. मायलेकी इकीकेच्या बंदराला जाणार होत्या. दक्षिणेकडून आलेल्या कामगारांना कंपनीने घरी जायचं बोटीचं तिकीट दिलं. एलिओदोरोचं तिकीट शनिवारचं होतं, चिलोए बेटाचं. त्याने ते तिला दाखवलं. तिने ते वाचून परत दिलं.

नोव्हेंबरातल्या मृतांच्या दिवशी, सगळे आपापल्या कबरींना फुलं वाहतात तेव्हा, एदेलमिरा वडिलांच्या कबरीवर गेली, आणि थबकली. कुंपणालगत वाऱ्याने नावं पुसून टाकलेले सात लाकडी क्रूस होते. सहांवर तिचीच पुष्पचक्रं! सातवं तारेने बांधत एलिओदोरो उकिडवा बसला होता.

"या तुझ्या मावश्या?"

तो दचकला. "मावश्या चिलोएत ठणठणीत आहेत. सातही."

"खोटारड्या! मग हे सगळं?"

"यांच्यासाठी कुणीच येत नाही, म्हणून. आणि तुझ्या दारात यायला निमित्त हवं होतं, म्हणून. दोन्ही खरं आहे, एदेल."

"एखादं फूल मागितलं असतंस तरी चाललं असतं."

"फुलाला कितीसा वेळ लागतो? मला दोन संध्याकाळी हव्या होत्या."

तिला हसू आलं, पण तिने ते आवरलं. शनिवार चार दिवसांवर आला होता.

"पुढच्या वर्षी यांना फुलं कोण वाहणार?" तिने विचारलं. "गाव तर उठतंय. मी येणार. बाबा इथेच आहेत."

"मीही येईन."

"चिलोएहून? आठवडाभर बोटीत, आणि वर दिवसभर मालट्रकमध्ये?"

"येईन..."

"वेडा आहेस. दोघांनी दोन टोकांहून कशाला यायचं? इकीकेहून एकाच ट्रकने..." तिने क्रूसावरचं एक फूल उगीच सरळ केलं. कान तापले होते.

"एकाच ट्रकने म्हणजे?" तो हळूच म्हणाला.

"म्हणजे तुझ्या मावश्यांना आई पत्र लिहील, की भाचा येत नाही, लग्नाला तुम्हीच या. अजून किती बोलायला लावशील?"

एलिओदोरोने हातातली तार इतकी पिळली की ती तुटली. "ते तिकीट... परत घेतात का गं?"

आता मात्र ती हसली, तोंडावर हात घेऊनही आवरेना इतकी. पलीकडच्या कबरीशी बसलेली एक म्हातारी ओरडली, "हळू रे पोरांनो! माझा नवरा आत्ता कुठे झोपलाय!"

आणि मग तीच काळ्या शालीआड खदखदून हसू लागली.